दहावीनंतर वीजकाम: आयटीआयच्या अर्जापासून स्वतःच्या पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत

पावसाळा सरला की आमच्या कृष्णाकाठी मोटारी जळायला लागतात. उसाला पाणी द्यायची घाई, एक फेज गायब, स्टार्टरमधला प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटार बंद पाडणारा) कुणीतरी वैतागून कधीच काढून टाकलेला, आणि मोटार घूं करून बसते. मग शेतकरी ती ट्रॅक्टरमध्ये टाकून तालुक्याला नेतो. तिथं त्याच्या आधी वीस मोटारी रांगेत पडलेल्या. चार दिवस, आठ दिवस. त्याच गावच्या पारावर बारावी झालेली दहा पोरं भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत बसलेली असतात.

मी आयटीआयचा वीजतंत्री, पुढं ठेकेदार झालो. हाताखाली बरीच पोरं शिकून गेली. जी मागं राहिली ती काम जमलं नाही म्हणून राहिली नाहीत. ती सांध्यावर अडकली. आयटीआय झाली पण शिकाऊ उमेदवारी केली नाही, उमेदवारी केली पण परवाना काढला नाही, परवाना काढला पण दर सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून हा लेख कामापेक्षा सांध्यांबद्दल जास्त आहे.

ट्रेड निवडण्याआधी गावात फिरा

बहुतेक पोरं ट्रेड निवडतात ती गुणांच्या यादीवरून. इलेक्ट्रिशियनची यादी वर बंद होते, म्हणजे तो चांगला. हे कॉलेजचं गणित इथं चालत नाही. एक आठवडा काढा. घरापासून दहा किलोमीटरच्या आत जितकी हार्डवेअरची आणि इलेक्ट्रिकची दुकानं आहेत तिथं जाऊन एकच गोष्ट विचारा: "गिऱ्हाईक माणूस मागतं तेव्हा कुणाला पाठवता, आणि तो किती दिवसांनी जातो?" दुकानदाराइतकी खरी माहिती कुणी देत नाही, कारण माणूस मिळाला नाही तर त्याचाही माल पडून राहतो.

उत्तरं गावोगाव वेगळी येतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, शिरोली असल्या औद्योगिक वसाहतींच्या जवळ राहत असाल तर जोडारी (फिटर), यंत्रकारागीर (मशिनिस्ट), संधाता यांना रोजची मागणी असते. संधात्याचा, म्हणजे वेल्डरचा, कोर्स एका वर्षाचा आहे. घरी लवकर पैसा यायला हवा असेल तर तो नीट विचारात घ्या. बांधकामं वाढताहेत अशा शहराच्या कडेला नळकारागीर आणि वायरिंगवाला दोघांनाही उसंत मिळत नाही. बागायती पट्ट्यात मोटार, स्टार्टर आणि आता सौरपंप.

या लेखात मी वीजकामाचाच धागा धरतो, कारण तेच मला माहीत आहे. दोन ट्रेड जवळजवळचे आहेत: वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन). दोन्ही दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी पास आणि विज्ञान-गणित लागतं, आणि त्यात मोटारी, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल पॅनेल हा भाग जास्त येतो. तारतंत्रीची पात्रता त्यापेक्षा खालची आहे, दहावीत अडकलेल्यालाही तो घेता येतो. लोक वायरमनला कमी लेखतात. घरोघरी जाऊन काम करायचं असेल तर मला त्यात काहीच कमी दिसत नाही.

निवडण्याआधी एक तपासणी करा. लाल, हिरवा, काळा हे रंग तुम्हाला वेगवेगळे दिसतात ना? रंगांधळेपणा असेल तर हे काम करू नका.

प्रवेश

सरकारी आयटीआय हीच पहिली पसंती ठेवा. राज्यात चारशेहून अधिक सरकारी संस्था आहेत आणि फी खासगीच्या तुलनेत नाममात्र आहे. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतो. दहावीच्या निकालाच्या आसपास अर्ज सुरू होतात. अर्ज भरणं, कागदपत्रं तपासून घेऊन तो निश्चित करणं आणि पसंतीक्रम भरणं अशा तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन करून पोरं निवांत होतात आणि पसंतीक्रम भरायचाच राहतो. मग यादीत नाव का नाही म्हणून आयटीआयच्या दारात उभी.

पसंतीक्रम विचार करून लावा. पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून मित्राने टाकलं म्हणून लांबची संस्था पहिल्या नंबरला टाकू नका. एसटीचा पास आणि दोन वर्षांची रोजची ये-जा डोळ्यांपुढं आणा. वीजतंत्रीच्या एका तुकडीत वीसच जागा असतात. फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी होते. ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. तेव्हा स्वतः हजर राहा.

कागद आधीच जमवा: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खातं या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ताच बघा. पुढं राष्ट्रीय प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येतं, आणि एका अक्षरासाठी मारलेल्या चकरा मी पाहिल्यात.

खासगी संस्थेत जायची वेळ आली तर दोन गोष्टी बघा. ती संस्था आणि तो विशिष्ट ट्रेड, दोन्हींना केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची मान्यता आहे का. आणि वर्कशॉपमध्ये शिरल्यावर यंत्रांवर धूळ आहे की तेल. "शंभर टक्के नोकरीची हमी" असा फलक लावलेल्या दारातून सरळ मागं फिरा.

आतली दोन वर्षं

आयटीआयमध्ये शिकवत नाहीत अशी तक्रार सर्रास ऐकू येते. काही ठिकाणी खरी आहे. माझ्या वेळी एक सर चांगले होते आणि एक महिनोन्‌महिने वर्गावर फिरकत नसत. पण वर्कशॉप उघडं असे आणि कपाटात जळक्या मोटारी होत्या. ज्यांनी त्या सोडल्या-बांधल्या ती पोरं आज स्वतःच्या पायावर आहेत.

पहिल्या वर्षात हात तयार झाले पाहिजेत. जोड घट्ट बसणं, वायर सोलताना तांबं न कापणं, पाइपमधून वायर ओढणं, हातानं बोर्ड भरणं. दीडची, अडीचची, चारची (म्हणजे तितक्या चौरस मिलिमीटर जाडीची) वायर हातात घेतल्याबरोबर ओळखता आली पाहिजे, आणि दिव्याच्या लाइनला दीडची, पॉवर प्लगला अडीचची, गीझर-एसीला चारची का, हे गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. दुसरं वर्ष मोटारी आणि पॅनेलचं. डीओएल आणि स्टार-डेल्टा या मोटार चालू करायच्या दोन्ही प्रकारच्या स्टार्टरची जोडणी कागद न बघता करता येईपर्यंत करा. मी तर पोरांना मुद्दाम बिघडवलेला स्टार्टर देतो आणि बाजूला बसून चहा पितो. बिघाड शोधता येणं हीच या धंद्याची खरी कमाई आहे. नवीन वायरिंग कुणीही शिकतो.

मापायची सवय लावा. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सगळं कळलं असं नाही. मल्टिमीटर स्वतःचा घ्या. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, महाग असतो, तो संस्थेचा वापरा. घरगुती वायरिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान एक मेगाओहम यायला हवा. हे वायरिंग संपल्यावर तपासणारे आमच्या तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि तेच चांगला दर घेतात.

पुस्तकात सुरक्षेवर एक धडा असतो. मी एक सवय सांगतो. मेन बंद करून भागत नाही, किटकॅट, म्हणजे फ्यूजचा तुकडा, काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. तुम्ही शिडीवर असताना घरातल्या कुणालाही "लाइट का गेली" म्हणून तो परत बसवता येता कामा नये. एमसीबी असेल तर खाली करून त्यावर टेप आणि चिठ्ठी. नंतर तरीही टेस्ट लॅम्प लावून बघा.

आणि झिरो वायरमन होऊ नका. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: महावितरणच्या लाइनमनच्या जागी गावातलं एखादं धाडसी पोर शंभर-दोनशे रुपयांसाठी डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) चढतं, फ्यूज टाकतं. पगार नाही, विमा नाही, कागदावर नाव नाही. काही झालं तर ते तिथं का गेलं याचं उत्तर कुणीच देत नाही. खांब आणि डीपी आपल्या नाहीत. आपलं काम मीटरच्या पुढं सुरू होतं.

सुट्टीच्या दिवशी चांगल्या वायरमनच्या हाताखाली जा. आधी पैसे मागू नका, जेवण आणि गाडीभाडं पुरे. महिन्याभरात मात्र मागा. फुकट राबवून घेणारे उस्तादही असतात.

दोन वर्षं थांबणं परवडत नसेल तर

वडील नाहीत, मागं बहीण शिकते आहे, आणि दोन वर्षं घरात पैसा येणार नाही हे चालणारच नाही, अशी पोरं माझ्याकडं येतात. त्यांना आयटीआयच करा म्हणून रेटण्यात अर्थ नाही.

प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी असते. ती तिथली अग्रणी बँक चालवते. घरगुती वायरिंग, मोटार रिवाइंडिंग (जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळणं), मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम असे महिनाभराच्या आसपासचे कोर्स असतात. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. ही कल्पना कर्नाटकातल्या उजिरे इथं १९८२ साली सुरू झाली आणि पुढं देशभर नेली गेली. कोर्स झाल्यावर बँक कर्जासाठी पाठपुरावा करते, हा मोठा फायदा. पण महिन्याभरात वीजतंत्री होत नाही. पंखा, बोर्ड, साधं वायरिंग इथपर्यंत हात बसतो, पुढचं उस्तादाकडं.

दुसरी जागा पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. वर्षभर तिथं राहून वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन असं सगळं हातानं करत शिकायचं. शाळेत मन न रमलेल्या पोरांना ही जागा मानवते. गावात "सगळं थोडं थोडं येणारा" माणूस उपाशी राहत नाही.

मुलींबद्दल एकच सांगतो. आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, आणि वीजतंत्रीतल्या त्या बऱ्याचदा रिकाम्या राहतात. दुपारी घरी फक्त बाई असताना दुरुस्तीला पोरगी आली तर दार लवकर उघडतं. पॅनेल जोडणीच्या कारखान्यांतही मुलींचा हात नीट चालतो, हे मी शॉपफ्लोअरवर बघितलंय.

शिकाऊ उमेदवारी: हा सांधा सोडू नका

निकाल लागला की पोरं दोन वाटांनी जातात. काही भरतीच्या क्लासला, काही ठेकेदारामार्फत कंपनीत कंत्राटी. दोन्ही ठिकाणी शिकणं थांबतं. यांच्या मध्ये एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी आहे, ती करा.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे तुम्ही भीक मागायला जात नाही. २०१९ साली सुधारलेल्या नियमांत आयटीआय झालेल्याला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सही करताना त्या वर्षीचा दर बघून घ्या. नोंदणी केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर मोफत होते. अनामत मागणारा कोणीही असो, तो दलाल आहे.

महावितरण, एसटीच्या कार्यशाळा, रेल्वे, साखर कारखाने आणि एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या जागा काढतात. रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत आयटीआयचा वीजतंत्री-तारतंत्रीच लागतो. पण ती भरती कधी निघेल यावर आयुष्य टांगून ठेवू नका. अर्ज करा आणि कामाला जा.

करारावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. पुष्कळ कंपन्या "ट्रेनी" म्हणून घेतात, काम तेच, वेळ तीच, पण करार पोर्टलवर नाही. मग वर्ष संपल्यावर परीक्षा नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रही नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला ८,००० रुपये ठरले होते. आकडा जास्त दिसतो म्हणून पोरं तिकडं वळली. कार्यालयात बसून फायली नेण्या-आणण्याचं काम मिळालं तर वीजतंत्र्याला त्यातून काय मिळालं? दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी हजार रुपये कमी घेऊन मोटारींजवळ राहीन.

आणखी एक वाट लोक विसरतात. दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. गणितात गती असेल तर तीही बघा.

परवाना

दुसऱ्याच्या घरात वीजजोडणीचं काम करायला कायद्याने परवाना लागतो. काम परवानाधारक ठेकेदाराचं, देखरेख पर्यवेक्षकाची, आणि हात लावणारा तारतंत्रीही परवानाधारक. नवीन मीटर घेताना महावितरणला जो टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो त्यावर परवानाधारक ठेकेदाराचीच सही चालते. परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात आयटीआयची आणि उमेदवारीची प्रमाणपत्रं घेऊन जा आणि चालू अटी लिहून आणा.

गावात परवान्याशिवाय शेकडो लोक काम करतात, कुणी विचारत नाही, हे खरं. पण शाळेचं, पतसंस्थेचं, मंगल कार्यालयाचं काम आलं की पहिला प्रश्न परवान्याचाच येतो. सौर कामातही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून छपरांवर पॅनेल चढताहेत. बसवणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांना हाताखाली शिकलेला माणूस हवा असतो. सुरुवातीला त्यांच्याकडं वर्षभर जा.

पहिली गिऱ्हाइकं आणि पैसे

दुकान घेऊ नका. भाड्याचा गाळा पहिल्या वर्षी माणसाला खातो. पिशवीत पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, टेस्टर, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, इन्सुलेशन टेप आणि अडीच मायक्रोफॅरडचे दोन-चार कपॅसिटर. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. "पंखा हळू फिरतो" ही तुमच्याकडं येणारी पहिली तक्रार असेल, आणि बहुतेक वेळा कपॅसिटरच गेलेला असतो. दहा मिनिटांत पंखा वाऱ्यासारखा फिरला की त्या घरातली बाई चार घरांत नाव सांगते.

नंबर हार्डवेअरच्या दुकानात, गवंड्याकडं आणि विहिरीच्या मोटारी काढणाऱ्यांकडं द्या. नवीन घराचं काम गवंड्यामार्फत येतं. स्लॅब पडायच्या आधी पाइप टाकावे लागतात, त्याला वेळेवर येणारा माणूस हवा असतो. एकदा दांडी मारलीत तर तो दुसऱ्याला बोलावतो आणि परत विचारत नाही.

दर. इथं पोरांचा घसा कोरडा पडतो. "द्या काका काय द्यायचं ते" म्हटलंत की गेलात. नवीन वायरिंगचा दर पॉइंटवर, म्हणजे एकेका दिव्या-प्लगच्या हिशेबाने, सांगा, दुरुस्तीला आधी भेटीचे पैसे सांगा आणि मग काम. आजूबाजूच्या तीन वायरमनचा दर काढा आणि त्यांच्या मधला घ्या. सगळ्यात स्वस्त होऊ नका, स्वस्तातला माणूस म्हणून झालेली ओळख पुसायला वर्षं जातात. माल गिऱ्हाइकालाच आणायला लावा, यादी तुम्ही लिहून द्या. यादीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, घाला. गिऱ्हाईक खर्च नको म्हणेल. गोठ्यात, बाथरूममध्ये ओल्या हाताने काय होतं ते सांगा. तरीही नको म्हणालं तर यादीवर तसं लिहून त्याची सही घ्या.

मोठ्या कामाला पैसे तीन टप्प्यांत: पाइप टाकताना, वायर ओढल्यावर, बोर्ड बसवून लाइट लागल्यावर. शेवटचा हप्ता छोटा ठेवा, कारण लाइट लागली की माणसाचा विसराळूपणा वाढतो. उधारी नातेवाइकांची सगळ्यात वाईट. माझी एका चुलत्याकडची अजून यायची आहे, दिवाळीला भेटतो तेव्हा तो फराळ पुढं करतो.

वही ठेवा. कुणाच्या घरी काय केलं, कुठली वायर, किती पॉइंट, किती घेतले. सहा महिन्यांनी त्याच घरातून फोन आला तर मेन बोर्ड कुठं आहे हे तुम्हाला माहीत असतं. पैसे शक्यतो खात्यावर घ्या. पुढं कर्ज मागताना बँक ते खातंच बघते.

कर्ज

पहिल्या वर्षी नको. पिशवीतल्या हत्यारांना कर्ज लागत नाही.

रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं ठरलं, म्हणजे यंत्र, तांब्याची तार, गाळा, तेव्हा विचार करा. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, करा. ती सरकारी पोर्टलवर मोफत असते, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि जिल्हा उद्योग केंद्रातून चालतो. त्यात गट आणि गाव-शहर बघून १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. पण ते अनुदान हातात रोख येत नाही, बँकेत ठरावीक काळ अडकून राहतं, आणि हप्ता पहिल्यापासून भरावा लागतो. अनुदान आलं की भरू, या हिशेबाने गेलेल्या दोघांची यंत्रं मी विकली जाताना पाहिली आहेत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा पारंपरिक १८ व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. वीजकाम त्यात नाही, उगाच रांगेत उभं राहू नका.

बँकेत जाताना तांब्याच्या तारेचं कोटेशन ताजं न्या, तांब्याचा भाव रोज हलतो. आणि मॅनेजरने विचारलंच की गिऱ्हाईक कुठून येणार, तर ती वही पुढं ठेवा. नावं, गावं, मोटारीचे एचपी आणि कुठल्या महिन्यात जळली. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं भरलेली दिसतील.